डावी बाही

९ नोव्हेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझा कोट अजून अर्धवटच आहे, रागावू नकोस. काल डावी बाही जोडली आणि तिसऱ्यांदा उसवली. लेकीनं विचारलं, काय बिघडलं होतं? मी शिवण पुन्हा तपासली, चूक सापडेना.

शिवणखात्यात आमचे साहेब तेच करतात. सगळ्यांसमोर छोटी कात्री काढतात, माझी शिवण उसवतात, "पुन्हा" म्हणतात आणि पुढे जातात. कारण विचारायची सोय नाही. रविवारी दुपारपासूनच मी सोमवारचे तास मोजायला लागते. नोकरी सोडावीशी वाटते. पण खरंच माझा हात बिघडला असेल तर? मग त्यांना कसा दोष देऊ?

माया आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

१७ नोव्हेंबर
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
कोटावाचून मी काही गारठून मेले नाही. साहेब म्हटला की थोडं खुपणारच. तू पहिल्यापासून हळवी. बाहुलीला कुणी रागावलं तरी रडायचीस. कानाडोळा कर, घाईनं नोकरी सोडू नकोस. वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

२ डिसेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
कानाडोळा जमला नाही. परवा त्यांनी माझी एक कॉलर उसवली. मी ती जुन्याच भोकांतून, टाक्याच्या जागी टाका घालत हातानं शिवली आणि परत नेली. बदल काडीचाही नाही. साहेब म्हणाले, "आता जमलं." शेजारच्या मशीनवरची हसू दाबत होती. मला नाही आलं हसू. नसलेली चूक मी वर्षभर शोधत होते, एवढंच कळलं आणि फार थकवा आला.

संध्याकाळी लेक चित्र घेऊन आली. मी बघायच्या आधीच तिनं विचारलं, "पुन्हा काढू?" तो शब्द घरी कुणी आणला, ते तुला सांगायला नको.

तुझी धाकटी

८ डिसेंबर
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
माझं मागचं पत्र फाडून टाक. सोड ती नोकरी. पुढचं आपण दोघी बघू.
ताई

२० डिसेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
काल राजीनामा दिला. साहेब म्हणाले, पुन्हा विचार करा. मी म्हटलं, करून झाला. मोकळं वाटेल असं धरून चालले होते. नुसती झोप येते आहे.

सोबत कोट पाठवते. डावी बाही खांद्याशी किंचित ओढते. ही चूक खरी आहे, मला दिसते आहे. उसवली नाही. तशीच घाल.

तुझी धाकटी