रूळ उचलायची हाळी

मिरज

प्रिय बाबा, जय भीम.

भाषण चांगलं झालं. आईला सांगा, वेळेवर जेवते आणि भांडले फक्त एकदाच.

लातूरच्या छोट्या रेल्वेगाडीच्या जुन्या कंपनीचा इतिहास सांगताना आधीच्या वक्त्यानं साहेबांचीच नावं घेतली. मी विचारलं, "साहेब लोक रूळ उचलत होते काय?" आणि आजोबांची गँग रूळ उचलताना द्यायची ती हाळी म्हणू लागले. दुसरी ओळ आठवेना. मागून एक म्हातारा ओरडला, "बाई, रूळ अधांतरीच ठेवला की!"

ती हाळी आता तुमच्याशिवाय कुणालाच येत नाही, बाबा.

ऑपरेशननंतर घसा दुखतो का? डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बोलू नका. रविवारी येते. तुम्ही मांडीवर ताल धरा, नुसते ओठ हलवा. आवाज मी देईन.

तुमचीच लेक,
विशाखा