मान खाली

रविवार, दिवेलागणीनंतर

आज अकोल्याचे पाहुणे मला पाहायला आले. ते यायच्या आधीच आईनं बजावलं होतं, "ऑटिझमचं नाव काढू नको. तुले काही झालं नाही." बत्तीस वर्षांची आहे मी, तरी हो म्हटलं.

मला कोणाच्या डोळ्यांत पाहवत नाही, म्हणून पोह्यांच्या बशीकडे पाहत बसले. मुलाची मावशी एकदम खूष. "भलतीच लाजाळू हाये पोरगी, मान वर करत नाही!" माझा दादाही अशीच मान खाली घालतो, तर त्याला सगळे घुम्या म्हणतात. मी बाईमाणूस, म्हणून संस्कारी. वा रे न्याय.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात आईला सांगूनच टाकलं, "मले पोरगा नको. मले पोरीच आवडतात."

आई कपबशा विसळत होती, ती थांबली. "हे तुह्या त्या ऑटिझममुळंच व्हून राह्यलं."

"पाहुण्यांसमोर मले काही झालं नव्हतं. मंग आता काहून झालं?"

हे विचारताना मी सरळ तिच्या डोळ्यांत पाहत होते. कसं जमलं, माहीत नाही.

मान आईनं खाली घातली.