खंडाने घेतलेला खड्डा

हिकरी स्लू, आर्कान्सा
दि. ९ ऑक्टोबर १९७९

ती. सौ. ओलीटाताईस,

सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार खरोखरच साष्टांग आहे, कारण काल क्रचरबाईंच्या बांधावरून घसरलो आणि आठही अंगं चिखलाला टेकली.

तर बातमी अशी की मी खड्डा घेतला. हस, पोटभर हसून घे आणि मग पुढे वाच. ज्या डेल्मारला बाबा बदकांच्या शिकारीला न्यायचे आणि जो खड्ड्यात लपून बसल्या बसल्या घोरायला लागायचा, त्याच तुझ्या भावाने या हंगामासाठी शिकारीचा खड्डा खंडाने घेतलाय. आणि कुठला, तर बाबांचाच! कोपऱ्यातल्या खाचरातला. ती लांबडी लोखंडी पेटी त्यांनी बांधात पुरली तेव्हा मापाला म्हणून तुला आत उभी केली होती आणि वर झाकण टाकून सगळे जेवायला निघून गेले होते, आठवतं? तू अजून त्याचा राग काढतेस.

बाबा आजारी पडल्यावर दोन वर्षं तो खड्डा मेम्फिसच्या कुणा वकिलांकडे होता. त्यांना चिखल सोसवेना, सोडून गेले. जमीन क्रचरबाईंची. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी बाबा तीच खाचरं कसायचे आणि खड्ड्याचा करार म्हणजे नुसता हातात हात. बाईंनी आता कागद केलाय. त्यात म्हटलंय की पेटीचं काही बरंवाईट झालं तर खंडकऱ्याने निस्तरायचं. मी म्हटलं, लोखंडी पेटीचं काय बरंवाईट व्हायचंय, आणि सही ठोकली.

आता खरं कारण. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जन्मभराची भाताची धूळ बाबांच्या छातीत बसलीय, पुढच्या हंगामाचा विचार करू नका. ऑक्सिजनचं नळकांडं आता पलंगाशीच असतं. बाबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. हंगामाच्या पहिल्या सकाळी त्यांना त्यांच्या खड्ड्यात बसायचंय. बंदूक नको म्हणाले, नुसतं बसेन आणि पिपाणी वाजवून बदकांना बोलवेन. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. आता रोज संध्याकाळी विचारतात, खड्डा बसलाय ना नीट? मी म्हणतो, बसलाय.

डॉक्टरांचं बोलणं फोनवर काढू नकोस. फोन त्यांच्या उशाशी आहे, आणि छाती गेली तरी कान शाबूत आहेत.

दाजींच्या पाठीला आराम पडो. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
डेल्मार

विचिटा, कॅन्सस
दि. १७ ऑक्टोबर

चि. डेल्मार यास,

अ. उ. आ., आणि त्यातला एक जास्तीचा, कारण तू शहाण्यासारखं काहीतरी केलंस आणि हे वारंवार घडत नाही.

पत्र वाचून मी हसले, मग कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात, जाऊन कांदे चिरायला बसले, म्हणजे कुणी काही विचारायला नको. मला यायचंय रे. पण यांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, कूस बदलायलाही मी लागते. इथे बसून काळजी करण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही, म्हणून ती तरी नीट करते.

ऐक. बाबांच्या पायांना ओल लागली की ती थेट छातीत चढते. आई त्यांचे मोजे शेगडीवर वाळवायची ते उगाच नाही. त्या पेटीत तळाच्या फळ्यांखाली कायम काळं पाणी साचलेलं असायचं, बेडकं असायची, मला चांगलं आठवतं. कारण झाकण टाकून जेवायला गेलात तेव्हा माझ्या सोबतीला तीच होती. फळ्या उचल आणि ते सगळं उपसून काढ. आत एक थेंब पाणी राहता कामा नये. समजलं का? एक थेंबसुद्धा नाही.

लोकरीचे मोजे विणून पाठवतेय. लाल रंगाचे आहेत, बदकांना दिसतील म्हणून बाबा कुरकुर करतील. त्यांना सांग, पाय खाली ठेवा.

स्वतःला जप. माझी माया पोस्टाने येतेय, सही करून घे.

ओलीटा

हिकरी स्लू
दि. १२ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ताई, घात झाला.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पंप लावला, पाणी उपसलं, बेडकं एकेक करून हाताने बाहेर सोडली. आतून पुसून काढलं, बाकाला रंग दिला, आईची जुनी सतरंजी अंथरली. अगं, दिवाणखाना दिसत होता. शेजारचे लोक बघून गेले. मान हलवत होते, मला वाटलं कौतुक करताहेत.

मग बुधवारी बाईंनी खाचरात पाणी सोडलं, बदकं उतरावीत म्हणून सोडतात तसं. त्यावर दोन दिवस धो धो पाऊस. रविवारी चर्चनंतर गेलो तर खड्डा जागेवर नाही. म्हणजे पेटी होती, पण बांध फोडून वर आली होती, अख्खी. ज्या पेटीचं झाकण शोधायला पाय आपटत फिरावं लागायचं ती पाण्यावर होडीसारखी डुलत होती. माझ्या हिरव्या रंगाचा बाक दुरून दिसत होता.

अख्ख्या गावाला माहीत होतं, एक मी सोडून. पेटी ज्या ओंडक्यांना साखळीने बांधली होती ते कधीच कुजले. तेव्हापासून बाबा फळ्यांखाली मुद्दाम गुडघाभर पाणी ठेवायचे. त्या वजनानेच ती बसून राहायची. कोरडी केली की वर येते.

मी पुन्हा पाणी भरलं. पण खालच्या पोकळीत चिखल वाहून आलाय, पेटी तिरकी होऊन त्यावर टेकली. माझा ट्रॅक्टर रुतला. त्याला ओढायला आणलेला दुसराही रुतला. खोदाईवाला म्हणाला, मार्चमध्ये जमीन आवळेपर्यंत यंत्र आत घालणार नाही. दुसरा खड्डा मिळतो का पाहिलं, सगळे केव्हाच गेलेत, आणि बाबांना दुसरा नकोच आहे. क्रचरबाई रबरी बूट घालून आल्या. कागदाचा विषयही काढला नाही बिचारीने. म्हणाल्या, डेल्मार, माती माझी आहे, पण चिखल कुणाच्याच बापाचा नाही.

हंगाम सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे राहिलेत. आज संध्याकाळी बाबांनी विचारलं, बसलाय ना नीट? मी म्हटलं, बसलाय. काय करू सांग.

तुझा,
डेल्मार

विचिटा
दि. १७ नोव्हेंबर

चि. डेल्मार यास,

आशीर्वाद. तुझी काही चूक नाही, मेल्या. एक थेंब नको हे मीच बजावलं. चारशे मैलांवर बसून मी बाबांचा खड्डा उखडला. एवढं कर्तृत्व माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

बाबांना सांगून टाक. ते चिडतील, खोकतील, पण खोटं बोलून तू त्यांना कुठवर नेणार आहेस? खाचरात नेल्यावर काय, डोळे बांधणार आहेस? आजच सांग.

ओलीटा

ता. क. सांगू नकोस. लिफाफा चिकटवला आणि पुन्हा फोडला. त्यांचे हे दिवस त्या एका सकाळच्या भरवशावर चाललेत. ते आपण कसे काढून घ्यायचे? मला काही सुचत नाही रे.

हिकरी स्लू
दि. २६ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र सावकाश वाच. दाजींना शेजारी बसव.

सांगायचं धाडस झालं नाही. शनिवारी बाबा माझ्याआधी उठून, तुझे लाल मोजे घालून, पिपाणी गळ्यात अडकवून पलंगावर तयार बसले होते. त्यांना गाडीत घातलं, लहान नळकांडं मांडीवर दिलं. वाटभर म्हणत होतो, ताप येऊ दे, गाडी बंद पडू दे, काहीतरी होऊ दे. काही झालं नाही. उजाडता उजाडता बांधाशी पोचलो आणि समोर ती पेटी, तिरकी, उघडी, उताणी.

बाबांनी काच खाली केली. मग म्हणाले, आधी मी खाली जायचं ठरलं होतं ना, ही का वर आली? आणि हसायला लागले, अगदी खोकला येईपर्यंत. शेवटी विचारलं, पाणी कुणी काढलं? मी म्हटलं, मी. म्हणाले, का? म्हटलं, तुमचे पाय कोरडे राहावेत म्हणून. त्यावर माझ्या मानेवर हात ठेवून बसले. मी रडलो, ताई. पन्नाशीला आलेला बाप्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला.

मग म्हणाले, आलोय तर ने. मी म्हटलं, कुठे? म्हणाले, जमेल तिथवर.

त्यांना पाठुंगळी घेतलं. नळकांडं माझ्या गळ्यात. वजन काही नाही गं त्यांचं, ओलं पोतं तरी जड असेल. पण चिखलाने ते बघितलं नाही. थोडं गेलो आणि मांडीपर्यंत रुतलो. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, त्यांना खाली ठेवता येईना. मी वाकलो तसे त्यांचे पाय पाण्यात गेले. लाल मोज्यांसकट. मी ओरडत होतो, बाबा, पाय वर घ्या, आणि ते म्हणत होते, गप, आली.

वर बदकं होती, केवढा तरी मोठा थवा. बाबांनी पिपाणी तोंडाला लावली. श्वास कुठून आणला देव जाणे, पण साद खणखणीत घातली. बदकं वळली, खाली उतरू लागली. मग त्यांना पेटी दिसली, मी दिसलो, माझ्या पाठीवरचा म्हातारा दिसला, आणि ती सरळ पलीकडच्या खाचरात निघून गेली. बाबांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि म्हणाले, शहाणी आहेत.

क्रचरबाईंनी माणसं आणि फळ्या आणून आम्हाला बाहेर काढलं. संध्याकाळपासून बाबांना कणकण आहे.

माया कमी करू नकोस.
डेल्मार

हिकरी स्लू
दि. २ डिसेंबर

चि. सौ. ओलीटास,

अनेक उत्तम आशीर्वाद. श्वास कमी पडतोय म्हणून अनेक जमले नाहीत, उत्तम तेवढे पाठवतो.

डेल्मार म्हणतो ताप उतरलाय. तापमापक त्याच्याकडे असतं, तेव्हा तो म्हणेल तेवढा ताप. मोजे उबदार होते. एक चिखलात राहिला, मार्चमध्ये मिळेल.

तुम्ही दोघं तोंडं पाडून बसला आहात ते बंद करा. पाणी ठेवावं लागतं हे पोराला मीच कधी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचो तर हा शेजारी घोरत असायचा. वाटलं, झोपू दे, पुढच्या वर्षी सांगू. मग ते पुढचं वर्ष राहूनच गेलं.

क्रचरबाईंना सांगून ठेवलंय, पुढल्या हंगामाचा खड्डा डेल्मारच्या नावावर. त्याला शिकारीतलं ओ की ठो कळत नाही, पण त्याला कुठेतरी शांत झोप मिळायला हवी.

जावईबापूंना नमस्कार. तुला त्या पेटीत ठेवून जेवायला गेलो ते अजून विसरलो नाही. तुझी आई विसरली असं मी सगळ्यांना सांगितलं, पण विसरलो मीच. आठवताच अर्ध्या जेवणातून उठून मीच आलो होतो.

तुझा,
बाबा

विचिटा
दि. ११ फेब्रुवारी १९८०

चि. डेल्मार यास,

आशीर्वाद. घरी नीट पोचले. तू बरोबर बांधून दिलेला मक्याचा पाव अजून तसाच आहे, खाववत नाही.

एक गोष्ट गाडीत बसल्यापासून डोक्यातून जात नाही. बाबांना आईच्या शेजारी ठेवायचं होतं तेव्हा कबरीच्या तळाशी पाणी लागलं होतं. मीच त्या माणसांना म्हटलं की पंप लावा, एक थेंब राहता कामा नये. म्हणून झाल्यावर माझं तुझ्याकडे लक्ष गेलं. तुझा चेहरा पाहिला आणि काय बोलून बसले ते कळलं. पण तोवर पंप सुरू झाला होता आणि पाद्री पुस्तक उघडून उभे होते. अशा वेळी कुणाला काय सांगणार?

काल रेडिओवर ऐकलं, तुमच्याकडे तीन दिवस पाऊस लागलाय. हे म्हणतात, वर एवढी माती आहे, शवपेटी काही वर येत नसते. यांना काय ठाऊक? मला झोप नाही. एकदा जाऊन बघून ये. मला वेडी म्हण, पण जा.

तुझी,
ओलीटा

हिकरी स्लू
दि. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. वेडी म्हणत नाही. पाऊस लागल्यापासून रोज कामावर जाण्याआधी मी तिथे जातोय, तुझं पत्र यायच्या आधीपासून. तुला सांगायची लाज वाटत होती.

आज पाऊस थांबला. सगळी दफनभूमी पाण्याखाली, आईच्या दगडापर्यंत तळं. बाबांची माती वीतभर खाली गेलीय. राखणदार म्हणाला, हे चांगलं, उन्हाळ्यात वर भर घालू. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि कुणी नाही असं बघून मोठ्याने विचारलं, बसलाय ना नीट?

बसलेत, ताई. मी पायाने दाबूनही पाहिलं.

लोभ आहेच. पाऊस पडला की पत्र टाकीन.

तुझा,
डेल्मार