भंगारातलं रानडुक्कर

गार्थ,

चिडायचं असेल तर पूर्ण वाचून मग चीड. मेळ्यात त्या परीक्षकाने नाक मुरडलं म्हणून तू भंगाराच्या डब्यात फेकलेलं रानडुकराच्या आकाराचं पितळी बक्कल मी पट्ट्याला लावलंय.

काल तू वरच्या खोलीत तोंड फिरवून पडला होतास, तेव्हा डेल्फीन आली होती. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा जुन्या सॅक्सन धाटणीचा पट्टा मी शिवून तयार ठेवला होता, फक्त बक्कल निवडायचं राहिलं होतं. चांगली घासूनपुसून मांडलेली बक्कलं सोडून बाईसाहेबांनी भंगाराचा डबाच उपसला. तुझं वाकड्या नाकाचं रानडुक्कर हातात घेतलं आणि हसत सुटली. "अगं, हा तर झोपेतून उठलेला आमचा रूपर्ट! हेच बसव."

आता पट्टा द्यायला चर्चला निघालेय. लग्न दुपारी आहे आणि तुलाही बोलावलंय. दाढी कर आणि नॉर्विचची बस पकड. रूपर्टच्या आईला तसाच ब्रोच हवाय, तिच्याशी तूच बोल.

डेल्फीनने विचारलं, "हे केलं कुणी?" "माझ्या भावाने," म्हणताना माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. तुझ्या तोंडावर हे मला कधी सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवलं.

टॅम्सिन