विश्रांती कुठून मोजायची?

आदरणीय साडूभाऊ यांना (मुक्काम वरचा मजला),

खालच्या मजल्यावरून सप्रेम नमस्कार. नमस्काराच्या पाठोपाठ विनंती लिहायची रीत आहे. पण व्यवस्थापनाला विनंती म्हणून करायची नाही, करायची ती मागणीच, असं आमच्या वैमानिक संघटनेनं ठरवलंय, तेव्हा सध्या नमस्कारावरच भागवून घ्यावं. आपली प्रकृती ठणठणीत असल्याचं रोज सकाळी आमच्या छतावरून कळतं. (आपण दोरीवरच्या उड्या मारता की कपाटं सरकवता, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.) ताईंचा गुडघा आता बराच हलका आहे, हे आमच्या हिच्याकडून समजलं. दोघी बहिणींचं जाणं-येणं, डबे, वाट्या आणि कुजबुज पूर्ववत चालू आहे. त्यांच्यावर आमच्या संघटनेचा अंमल चालत नाही, आणि आपल्या कंपनीचा तर नाहीच नाही.

एक जिना चढून येण्याऐवजी हा माणूस पत्र कसलं लिहितो, असं आपल्याला वाटेल. पण करणार काय! तंटा मिटेपर्यंत व्यवस्थापनातल्या कुणाशी तोंडी बोलायचं नाही, जे काही असेल ते लेखी, असा ठराव झाला आणि तो मांडला मीच. टाळ्या पडत असताना माझ्या लक्षात आलं, की वैमानिकांच्या ड्यूट्या लावणाऱ्या खात्याचे प्रमुख माझे सख्खे साडू आहेत आणि ते माझ्या डोक्यावर राहतात. पण टाळ्या पडलेला ठराव परत कसा घेणार? परवा लिफ्टमध्ये आपण दोघंच होतो. आपण मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होता, मी माझ्या बुटांकडे. तेवढ्यात तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आत आले, आपल्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, ‘‘कोण गेलं?’’

आमच्या संपाच्या तयारीबद्दल आपल्या कानावर बरंच काही आलं असेल, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं जरा लाजिरवाणं. आम्हा लोकांना भांडता येत नाही हो! उभा जन्म प्रवाशांना ‘थोडे धक्के जाणवतील, काळजीचं कारण नाही’ असं सांगण्यात गेलेला. कंपनीच्या फाटकासमोर घोषणा द्यायला उभे राहिलो, तर आमच्या अध्यक्षांच्या तोंडून ‘अन्याय सहन करणार नाही’ हे अशा मऊ सुरात बाहेर पडलं, की पहारेकऱ्यानं त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. त्यातून आमची दुसरी खोड म्हणजे एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं शब्दशः परत म्हणून दाखवायचं आणि पहिल्यानं ‘बरोबर’ म्हणायचं. विमानात ती फार उपयोगाची. पण प्रत्येक घोषणेनंतर मागून चाळीस माणसं ‘बरोबर’ म्हणू लागली, की क्रांतीचा रंग उतरतो. आपल्या कचेरीच्या खिडक्यांतून लोक बघत होते. आपण नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं, आणि मनातल्या मनात मी आपले आभार मानले.

मूळ भांडण तसं एका ओळीचं. एक ड्यूटी संपल्यावर दुसरीपर्यंत जी विश्रांती द्यायची, ती कुठून मोजायची? आपला नवा नियम म्हणतो, विमानाची चाकं थांबली की विश्रांती सुरू. मग प्रवासी उतरवा, कागद भरा, गाडीची वाट बघा, गाडीत बसा, वाहतुकीत अडका, हे सगळं विश्रांतीच्या खात्यात जमा. आम्ही म्हणतो, माणूस मुक्कामी पोचून खोलीचं दार लागलं की तिथून मोजा. बैठकीत आपल्या बाजूच्या वकिलांनी मुद्दा काढला, की गाडीत माणूस बसलेलाच असतो आणि बसणं म्हणजे विश्रांतीच. त्यावर मी थट्टेनं म्हणालो, ‘‘मग विमान चालवतानाही मी बसलेलाच असतो की!’’ आमच्या बाजूचं कुणी हसलं नाही. वकीलसाहेबांनी मात्र मान डोलावून ते लिहून घेतलं. घरी आल्यावर ही म्हणाली, तुम्हाला कुणी बोलायला सांगितलं होतं? (बोलायलाच तर पाठवलं होतं.)

आणि गाडीतल्या विश्रांतीबद्दल सांगायचं तर, दुसऱ्याच्या हातात गाडी असली की वैमानिकाला झोप लागत नाही. तो मागे बसून ब्रेक दाबत राहतो. स्वतःच्या हातात असली की मात्र डोळे मिटू लागतात, आणि नेमकी हीच आमची तक्रार आहे.

इथे थट्टा बाजूला ठेवतो. थकवा म्हणजे जांभई, असं लोकांना वाटतं. जांभई बरी, ती निदान कळते. खरा थकवा कळतच नाही. उंचीचा आकडा समोर असतो, आपण वाचतो, शेजारचाही वाचतो, दोघंही ‘बरोबर’ म्हणतो, आणि क्षणभरानं आपल्याला तो आकडा आठवत नाही. म्हणून पुन्हा वाचतो. मागे दीडशे-दोनशे माणसं डोळे मिटून पडलेली असतात, कारण पुढे कुणीतरी जागं आहे यावर त्यांचा विश्वास असतो. मला त्या वेळी भीती वाटते, साडूभाऊ. हे मी आजवर घरातही बोललो नाही.

संपाबद्दलही माझ्या मनात शंका नाहीत असं समजू नका. कोपऱ्यावरचा दुकानदार परवा म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हा लोकांना आणखी काय कमी आहे?’’ पगाराचं भांडण नाही म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि झोपेसाठी संप म्हटलं की लोक हसतात. परवापासून विमानं थांबली, तर कुणाची तरी म्हातारी आई आजारी असेल, कुणाची नोकरीची मुलाखत असेल. त्यांच्या डोक्यावर पाय देऊन आम्ही आपल्यापर्यंत पोचणार, हे मला कळतं. आपणही तो नियम हौसेनं केला नसणार. आपल्याही वर मजले आहेत, आणि तिथेही कुणीतरी सकाळी उड्या मारत असेल.

पण आपल्या सहीचं ते परिपत्रक निघालं आणि मला बसवेना. जे वैमानिक अजून कायम झालेले नाहीत त्यांनी संपात भाग घेतल्यास कंपनीला त्यांची गरज उरणार नाही, असं त्यात आहे. साडूभाऊ, आपले चिरंजीव अजून कायम झालेले नाहीत! सही करताना हात थांबला असेल, एवढं मी धरून चालतो. चिरंजीवांनी भर सभेत उभं राहून ‘मी संपात आहे’ असं सांगितलं. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, ‘‘अरे, तू या भानगडीत पडू नकोस. आम्ही म्हातारे बघून घेतो.’’ तर म्हणाला, ‘‘काका, सगळ्यात वाईट ड्यूट्या आम्हाला लागतात. आम्ही बाजूला राहायचं, तर तुम्ही संप करताय कुणासाठी?’’ हा तोंडाळपणा त्याच्याकडे कुठून आला हे मला ठाऊक आहे, आणि तो आमच्या बाजूच्या नात्यातून आलेला नाही.

असो. संघटनेची भूमिका ठाम आहे. परवा सकाळपर्यंत नियम मागे घेतला नाही तर एकही विमान उडणार नाही. याखेरीज माझं आपल्याकडे काहीही मागणं नाही. ताईंना नमस्कार सांगावा. राग लोभ दोन्ही आहेत, पण ते जपून ठेवलेत. तंटा मिटल्यावर समोरासमोर बसून काढू.

आपला,
खालचा साडू

ता. क. – आपली शिडी माझ्याकडेच राहिली आहे. विसरलेलो नाही. परत करताना निदान ‘घ्या’ म्हणावं लागेल, आणि ते तोंडी बोलण्यात येतं का, हे अध्यक्षांना विचारलंय.

ता. क. दुसरा – वरचं सगळं पत्र सकाळी लिहून झालं होतं. काही मागणं नाही असं लिहिलंय, ते खोडतो. मागणं आहे.

चिरंजीव आमच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर झोपलाय. विमान पहाटे उतरलं. कामं उरकून, गाडीची वाट बघून, वाहतुकीत अडकून इथे पोचेपर्यंत दुपार झाली. वर यायला एकच जिना उरला होता, तोही त्याला चढवला नाही. ‘‘काका, जरा टेकतो. संध्याकाळी परत विमान आहे, थोड्या वेळानं उठवा,’’ म्हणाला आणि बोलता बोलताच झोपी गेला. एक बूट काढलाय, दुसऱ्याची नाडी अजून हातात आहे. तुमच्या नियमाप्रमाणे त्याची विश्रांती पहाटेपासून चालू आहे आणि एव्हाना संपतही आली. थकलोय असं तो स्वतः कळवणार नाही. कायम न झालेल्यानं तसं कळवलं की त्याच्या नावापुढे शेरा पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी त्याला उठवायला गेलो होतो. खांद्याला हात लावला, तर डोळे न उघडता म्हणाला, ‘‘उठलोय, बाबा,’’ आणि कूस बदलली.

मी काही त्याला उठवणार नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर अशा अवस्थेतला कुणी आला असता, तर मी विमान हलवलं नसतं. तुम्ही खाली या. आमचा ठराव बोलण्याबद्दल आहे, बघण्याबद्दल नाही. त्याच्यासमोर खुर्ची ठेवलीय, तिच्यावर थोडा वेळ बसा. त्यानंतरही त्याला उठवावं असं वाटलं तर तुम्ही उठवा, बाप आहात, मी मध्ये येणार नाही. नाहीतर संध्याकाळसाठी दुसरा माणूस बघा, आणि मग त्या नियमाचं काय करायचं ते ठरवा.

ता. क. तिसरा – पत्र घेऊन हीच वर येतेय. दार नुसतं लोटून ठेवलंय. बेल वाजवू नका.