अंजलीच्या सिनेमाला मी हिरवा झेंडा दाखवला

इंदिरानगर, नाशिक
रविवार

ती. विमलाअक्का,

धाकट्या निवृत्तीचा आणि प्रतिभाचा जय भीम. तुझा गुडघा बरा असावा (नसला तरी तू सांगणार नाहीस, म्हणून बराच धरतो). प्रतिभाची शुगर ताब्यात आहे, माझी जीभ नाही. अंजलीचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद तू मला देऊन दीड वर्ष झालं. तुझ्या लेकीने शाळेतली कायमची नोकरी सोडली आणि सिनेमासाठी आवाज टिपत गावोगाव हिंडते, याचा तुला राग आहे. तू स्वतः तीस वर्षं मास्तरीण, त्यामुळे तो राग मला समजतो. म्हणून आज फक्त सिनेमांबद्दल लिहितो.

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मला हा नाद लागलाय. गेल्या दोन महिन्यांत चार पाहिले. पहिल्यात हिरो दारातून जीपपर्यंत इतक्या सावकाश चालत गेला, की तेवढ्यात मी मालगाडी घेऊन कसाऱ्याला जाऊन आलो असतो. दुसऱ्यात आईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधीच मागे व्हायोलिनं रडायला लागली, मग आम्ही काय करायचं? तिसऱ्यात म्हणे कोट्यवधी खर्च केले, आणि विजेच्या इंजिनाला शिट्टी दिली कोळशाच्या इंजिनाची! (मी तिथेच चपला शोधू लागलो होतो. प्रतिभाने बसवलं.) माझं मत विचारशील तर डोंगर, नाच, मारामारी, सगळं चालेल. पण माणूस घरात वागतो तसा पडद्यावर वागला पाहिजे आणि आता रडा, आता हसा, असं आपल्याला कुणी मागून ढोसू नये. एवढं जमलं की सिनेमा जमला.

चौथा जमला. एका स्टेशनाजवळ खानावळ चालवणाऱ्या बाईची साधी गोष्ट आहे. प्रतिभाने नेहमीप्रमाणे डोळे मिटले होते. पडद्यावर भाकरी थापायला लागले आणि ती डोळे न उघडताच म्हणाली, तांदळाची आहे. खरंच तांदळाची होती, अक्का! त्यानंतर गाडी निघायची वेळ आली, इंजिनाची लांब शिट्टी झाली, आणि पुढचं मला लिहायलाही लाज वाटते. मी उठलो, प्रतिभाच्या मांडीवरची हिरवी शाल ओढली आणि ड्रायव्हरला रीतसर झेंडा दाखवला. गार्डाच्या नोकरीतली सदतीस वर्षांची सवय, हात आपोआप वर गेला. मागून "ओ काका, खाली बसा ना!" असा गलका झाला. गाडी सुटेपर्यंत मी काही बसलो नाही.

त्या सिनेमाचे आवाज अंजलीने टिपलेत. (झालं, नाव काढलं. बराच वेळ दम धरला होता.) ती शिट्टी मिळवायला पोरगी इगतपुरीला चार दिवस फलाटावर बसून होती. आणि ती भाकरी तुझी आहे. शेवटची घरी आली तेव्हा तू चुलीपाशी थापत होतीस आणि तिला शिव्या घालत होतीस, ते तिने फोनवर टिपलं. सिनेमात फक्त थापणं घेतलंय. शिव्या तिने स्वतःजवळ ठेवल्यात, अधूनमधून ऐकते म्हणे. मला हे सांगताना हसत होती, पण मला काही हसू आलं नाही.

तुझा,
निवृत्ती

ता. क. सिनेमा गुरुवारपर्यंतच आहे. बुधवारच्या दुपारच्या खेळाची चार तिकिटं काढली आहेत. चौथं कुणाचं, ते विचारू नकोस.

ता. क. २. पाकिटावर पोस्टाचा शिक्का नाही, हे तुझ्या मास्तरीण डोळ्यांना दिसलं असेलच. तुझ्या शेजारच्या बायडाबाईने आणून दिलं ना? अंजली तिच्याच ओट्यावर बसली आहे. आई पत्र वाचून संपवेपर्यंत उठायचं नाही, असं मी बजावलंय, आणि मग मीच चार पानं लिहीत बसलो. सकाळपासून तिच्या पोटात काही नाही. हाक मार तिला.