सुपारीचं खांड

सांगली, मंगळवार, फेब्रुवारी १९७४

आज तासगावकडच्या पारूच्या श्वासनलिकेतून सुपारीचं खांड काढलं. वय तिशीच्या आतबाहेर, नवरा फौजेत. खोकला आणि ताप हटेना म्हणून क्षयाची औषधं सुरू झाली आणि सासूने तिला माहेरी धाडलं. इथे आली तीही स्वतःचा वेगळा पेला घेऊनच.

बेडक्यात जंतू सापडले नव्हते. छातीच्या एक्स-रे फोटोत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग दबलेला, पण सुपारी काही फोटोत दिसत नाही. मी विचारलं, "खाताना कधी जोराचा ठसका लागला होता?"

"नणंदंच्या हळदीत लागला हुता. तोंडात सुपारी, अन् लय हसू आलं."

एवढं साधं कुणीच विचारलं नव्हतं?

भूल देऊन दुर्बीण घातली. खांड चिमट्यातून निसटलं, मग आलं. विशेष काही वाटलं नाही, हात आपले चालत होते.

संध्याकाळी नर्सने वॉर्डातल्या कपात चहा दिला, तर पारू आपला पेला शोधू लागली. म्हटलं, "राहू दे तो. तुला क्षय नाही. नव्हताच."

तिने कप हातात घेतला. सोबत आलेला तिचा भाऊ मात्र हरखला. "आक्का, तुझ्या सासूला सांगावा धाडतो. उद्याच न्यायला येत्याल बघ."

"धाड की," ती चहा पीत म्हणाली, "पर न्यायला त्यास्नीच येऊ दे, फौजेतनं सुट्टी काढून. सासूसंगं मी जायची न्हाई."